एनसीसीचे बूट आणि खाकी: चामडं की पेटंट, कांजी की टेरीकॉट?

भाची यंदा कॉलेजात एनसीसीला लागली. आमच्या वेळी गणवेश युनिटच्या स्टोअरमधून यायचा आणि आपल्या मापाचा निघाला तर नशीब. आता भत्ता कॅडेटच्या खात्यात जमा होतो. त्यासाठी 2023 मध्ये स्टेट बँकेच्या शून्य शिल्लक खात्यांची सोयही झाली. म्हणजे दुकानात उभं राहून निवडायचं काम आता पोरांचं. तिचा तिथूनच फोन आला, "मावशी, साधे चामड्याचे घेऊ की ते आरशासारखे चकचकीत?"

मी विचारलं, "परेड कुठली आहे तुझी?"

आपल्याकडे कॅडेटच्या वर्षात तीन मोठ्या परेड असतात आणि तिन्ही वेगळ्या हवेत. 15 ऑगस्टला चिखल, 26 जानेवारीला कोरडी थंडी आणि धूळ, 1 मेला भट्टी. एकच बूट आणि एकच कापड तिन्हींत सारखं टिकत नाही.

आधी बूट. पेटंट म्हणजे चामड्यावर किंवा रेक्झिनवर प्लास्टिकचा चकचकीत थर, हल्ली बहुधा पॉलीयुरेथेनचा. ओल्या फडक्याने पुसलं की काम झालं. आदल्या रात्री प्रॅक्टिकलची जर्नल पुरी करायची असेल तर हा मोठाच फायदा. अमेरिकन सैन्यात असल्या बुटांना अजून 'कॉर्फाम' म्हणतात. ड्यूपाँ कंपनीने 1964 मध्ये त्या नावाचं कृत्रिम चामडं बाजारात आणलं आणि 1971 मध्ये बंदही केलं, नाव मात्र फौजेत चिकटून राहिलं.

गोची अशी की पेटंटला पडलेला ओरखडा कायमचा. मेणाचं पॉलिश त्या थरात मुरत नाही, नुसतं वर बसतं आणि डाग दिसतो. आपल्या ड्रिलमध्ये पाय उचलून आपटायचा आणि टाचा जुळवायच्या. त्यामुळे टाचेच्या आतल्या बाजूला महिन्याभरात पांढरट रेघा उमटतात, आणि बोटांपाशी बूट मुडपतो तिथे पुढेमागे भेगा जातात. उन्हाळ्यात दोन पेटंट बूट एकमेकांना टेकवून ठेवले तर चिकटतातही. वर्तमानपत्रात गुंडाळलेत तर शाई थरावर उतरते. सुती पिशवी वापरा.

चामड्याचं उलट. पहिल्यांदा जीव जातो. नव्या चामड्याची बारीक छिद्रं मेणाने भरून यायला माझ्या तीन संध्याकाळी गेल्या होत्या. जुन्या बनियनचं फडकं दोन बोटांवर ताणून गुंडाळायचं, नखाएवढं पॉलिश घ्यायचं, थेंबभर गार पाणी टाकायचं आणि लहान लहान गोल फिरवत राहायचं. पाण्यामुळे मेण फडक्याला चिकटत नाही, थरावर थर गुळगुळीत बसतो. घाईत डबीतलं पॉलिश जाड थापलं की धुकं येतं, आरसा येत नाही. आणि आरसा काढायचा तो फक्त टोकाला नि टाचेला, कारण तो भाग वाकत नाही. मधल्या वाकणाऱ्या भागावर मेण साचवलं तर दहा पावलांत तडकतं. तिथे साधा ब्रश पुरे. एकदा पाया बसला की पुढे प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं लागतात. ओरखडा पडला तर तेवढीच जागा पुन्हा घोटायची. हे मला पटतं.

लिक्विड पॉलिशची स्पंजवाली बाटली या तुलनेत धरतच नाही. ती शाळेच्या बुटांसाठी.

आता हवेचं. ऑगस्टमध्ये घोटलेल्या टोकावर पाणी ठरत नाही, पण शिवणीतून आत शिरतं. परेडनंतर बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा. गॅसजवळ किंवा उन्हात ठेवले तर चामडं कडक होऊन फुटतं. मेमध्ये विदर्भात दुचाकीच्या डिकीत बूट ठेवून नेलात तर मेण मऊ होतं आणि त्यावर धूळ बसते, मग आदल्या दिवशीची मेहनत वाया. त्या एका परेडपुरतं पेटंट बरं, हे कबूल. कोकणातल्यांना आणखी एक सांगणं: पॉलीयुरेथेनचा सोल दमट कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिला तर भुसभुशीत होतो आणि मैदानात तुकडे पडतात. वरचा भाग चामडं असो की पेटंट, सोल कशाचा आहे ते विचारूनच घ्या. आणि पेटंट चालतं का, हे युनिटच्या उस्तादांना, म्हणजे ड्रिल शिकवणाऱ्यांना, आधी विचारा. दुकानदार 'सगळं चालतं' असंच सांगणार.

कापडात माझं मत बुटांच्या नेमकं उलट जातं. खाकी एकच घेणार असाल तर टेरीकॉट. सुतात पॉलिस्टर मिसळलेलं असल्यामुळे क्रीज धुण्यातूनही बरीच टिकते, एसटीत तासभर बसून आलात तरी गुडघ्यामागे चुण्यांचं जाळं होत नाही. इस्त्री मात्र बेताची ठेवा. तापलेली इस्त्री थेट फिरवली की खाकीवर चकाकी येते आणि ती जात नाही, म्हणून मध्ये ओलसर पातळ सुती कापड घाला. चुकून दोन क्रीज पडल्या तर मोडायला त्रास होतो. लाँड्रीवाला ऑफिसच्या शर्टासारखी बाही दाबतो तेव्हा हेच घडतं. मी म्हणते, क्रीज स्वतः पाडायला शिका.

कॉटनला कांजी घालून केलेली इस्त्री मात्र बघत राहावी अशी. भाताची पेज फडक्याने गाळून घ्यायची, गुठळी राहिली तर खाकीवर पांढरे ठिपके येतात. आंबट ओलं असतानाच इस्त्री करायची. पण हा कपडा उभ्या माणसाचा आहे. हँगरवर न्यायचा, मैदानावर बदलायचा, बसायचं नाही. जानेवारीत उत्तम. ऑगस्टच्या दमट हवेत कांजी सकाळी नऊलाच मान टाकते. शिवाय कांजी घातलेला गणवेश पावसाळाभर तसाच ठेवला तर बुरशी आणि कसर दोन्ही येतात. ठेवणीतला धुऊन, कांजीविना ठेवा.

बटणं आणि बकल पितळी असतील तर ब्रासो, म्हणजे पितळ घासायचं पॉलिश. खाली मधोमध चिरलेला पुठ्ठा सरकवा, नाहीतर कापड काळं पडतं. सोनेरी मुलामा दिलेली असतील तर ब्रासो लावूच नका, साबणाचं पाणी बास.

आणि टर्नआउटचे, म्हणजे गणवेशाच्या टापटिपीचे, गुण बुटाच्या आरशावर जातात असं वाटत असेल, तर माझे गेले होते खिशाच्या लोंबणाऱ्या दोऱ्यावर.

भाचीने चामड्याचे बूट आणि टेरीकॉटची खाकी घेतली. बूट दुसऱ्या दिवशी बदलून आणावे लागले, कारण दुकानात तिने कॉलेजचे पातळ मोजे घालून माप दिलं होतं. ड्रिलचे लोकरी मोजे बरोबर न्या.