ऑस्ट्रेलियाची ‘टॅली रूम’: जागा दाखवते, गळतीही दाखवते

ऑस्ट्रेलियन निवडणूक आयोगाची ‘टॅली रूम’ ही संकेतस्थळावरील निकालसेवा विनामूल्य असून तिच्यात 2004 पासूनच्या संघीय निवडणुकांचे तपशील मतदान केंद्रापर्यंत पाहता येतात. शहरांच्या कडेच्या उपनगरांतला कष्टकरी मतदार कामगार संघटनांशी जोडलेल्या लेबर पक्षापासून का दुरावतो, या प्रश्नाच्या निमित्ताने मी ती बारकाईने चाळली.

प्रथम दिसते ती जागांची संख्या, आणि तीच सर्वांत फसवी आहे. तेथे मतदार उमेदवारांना पसंतीनुसार क्रमांक देतो, आणि सर्वांत मागे पडलेला उमेदवार बाद झाला की त्याची मते पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. 2025 मध्ये लेबर पक्षाने कनिष्ठ सभागृहाच्या 150 पैकी 94 जागा जिंकल्या, परंतु पहिल्या पसंतीची मते त्याला जेमतेम 34.6 टक्के मिळाली. 1983 मध्ये लेबरचे बॉब हॉक पंतप्रधान म्हणून सत्तेवर आले तेव्हा हेच प्रमाण 49 टक्क्यांहून अधिक होते. मतदान सक्तीचे असल्यामुळे नाराज मतदाराला घरी बसता येत नाही. तो पहिला क्रमांक दुसऱ्याला देतो आणि त्याचे मत अनेकदा खालच्या पसंतीने लेबरकडे परतते. पराभव न होताही आधार कसा झिजतो, हे पाहायला या सेवेइतके चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे केंद्रनिहाय आकडे ‘फॉर्म 20’ या निकालपत्रकात मिळतात खरे, पण पसंतिक्रमच नसल्याने मतदाराचा दुसरा कल कधीच कळत नाही.

पश्चिम सिडनीतील फाउलर मतदारसंघाचे पान मी सर्वाधिक वेळ वाचले. कॅब्रामाटा आणि फेअरफील्डचा हा भाग लेबरचा बालेकिल्ला होता. 2019 मध्ये पक्षाला तेथे पहिल्या पसंतीची 54 टक्क्यांच्या आसपास मते होती, ती 2022 मध्ये सुमारे 36 टक्क्यांवर आली आणि अपक्ष दाई ले निवडून आल्या. पक्षाने स्थानिक व्हिएतनामी वंशाच्या इच्छुक उमेदवाराला डावलून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या क्रिस्टिना केनेली यांना उमेदवारी दिली होती. कोविडकाळातील कडक निर्बंध लेबरचा मुख्य प्रतिस्पर्धी असलेल्या लिबरल पक्षाच्या राज्य सरकारने लादले होते, तरी फटका बसला लेबरला, आणि तोही एकेकाळी लिबरल पक्षाकडून लढलेल्या उमेदवाराकडून. यात विचारसरणीचा बदल शोधणे मला व्यर्थ वाटते. आपल्याला गृहीत धरले जात आहे, ही भावनाच येथे अधिक प्रबळ दिसते. याच पानावरील अवैध मतांचे प्रमाणही पाहावे, कारण देशात ते साधारण पाच टक्के असताना येथे दहाच्या वर होते.

ही सेवा उणी पडते ती कारणांपाशी. मतपत्रिका गुप्त असल्यामुळे कोणत्या व्यवसायातील माणसाने कोणाला मत दिले हे ती सांगू शकत नाही आणि 2004 पूर्वीचा मोठा कालखंडही तिच्या कक्षेबाहेर राहतो. ती दरी जनगणनेचे आकडे आणि इतिहास यांनी भरावी लागते. देशी कारखान्यांना संरक्षण देणाऱ्या आयातशुल्काच्या कपातीचे मोठे टप्पे 1988 आणि 1991 मध्ये हॉक सरकारनेच जाहीर केले होते. 1992 मध्ये सुमारे 40 टक्के कामगार संघटनांचे सभासद होते, ते 2022 मध्ये 12.5 टक्के उरले. कारखान्यातला कामगार संघटनेमार्फत पक्षाशी बांधलेला असे. स्वतःची गाडी आणि हत्यारे घेऊन ठेक्याने काम करणाऱ्या प्लंबरला तसा धागा उरत नाही, आणि त्याच्या डोक्यावर घराच्या कर्जाचा हप्ताही असतो.

पश्चिम सिडनीतीलच लिंडसे मतदारसंघात हे आधीच घडले होते. तेथील जागा 1996 मध्ये लिबरल पक्षाने लेबरकडून हिसकावली, पण त्यासाठी या संकेतस्थळाचा उपयोग नाही.

नवख्याने मुख्य निकालांच्या पानाऐवजी 2025 च्या कॅल्वेल मतदारसंघाचे पसंती-वितरण, म्हणजे बाद उमेदवारांची मते फेरीगणिक कोणाकडे गेली याचा तक्ता, आधी उघडावे. मेलबर्नच्या उत्तरेकडील या मतदारसंघात फोर्डचा ब्रॉडमेडोज कारखाना होता, तो ऑक्टोबर 2016 मध्ये बंद झाला. तेरा उमेदवारांपैकी लेबरचा उमेदवार पहिल्या फेरीत सुमारे 30 टक्क्यांवर आहे, मग एकेक उमेदवार बाद होत जातो, आणि अखेरीस त्याच्यासमोर उरते ती पूर्वी लेबरचीच महापौर असलेली अपक्ष उमेदवार.