केअर्स हार्नेस: विमानात कार सीटला पर्याय?

केअर्स हार्नेस म्हणजे लहान मुलाला विमानाच्या सीटवर नीट बांधून ठेवणारे खांद्याचे पट्टे. वजन जेमतेम अर्धा किलो, त्यामुळे अवजड कार सीट गेटपर्यंत ओढत न्यावी लागत नाही. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेची मान्यता आहे. १० ते २० किलोच्या, साधारण १०० सेंमीपर्यंत उंचीच्या मुलांसाठी.

मागचा ट्रे उघडून लाल पट्टा सीटच्या पाठीभोवती, मुलाच्या खांद्यांच्या किंचित वर आवळायचा. मग विमानाचा कमरपट्टा हार्नेसच्या खालच्या फासांतून ओवून बकल लावायचं. कमरपट्टा सैल राहिला की मूल खाली घसरतं, कारण पायांमधला पट्टा यात नाहीच. डोक्याला बाजूचा आधारही नाही. लांबच्या प्रवासात झोपेसाठी कार सीटच सरस. शिवाय उतरल्यावर टॅक्सीत हे निरुपयोगी!