सेन्सरची वायर काढली, तरी तापमान वाढतच होतं

काम साधं होतं. बी रुजवायच्या पेटीचं तापमान आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डने सांभाळायचं: तापमान मोजायला एक डीएस१८बी२० सेन्सर, ऊब देणारा दिवा चालू-बंद करायला एक रिले आणि आकडा दाखवायला छोटा एलसीडी. जोडणी माझी तयार होती, कोडसाठी फ्रीलान्सिंगच्या साइटवरून एकाला गाठलं. रेटिंग उत्तम, बोलणं साखरेत घोळलेलं.

पैशांचे टप्पे त्यानेच सुचवले. पहिला आणि मोठा टप्पा 'चालू डेमो दाखवणे', दुसरा 'फाइल देणे'. सगळी मेख इथेच होती. साइटवर पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे साइटच्याच ताब्यात, सुरक्षित असतात हे खरं, पण टप्पा पुरा झाला की ते सुटतात, आणि टप्पा पुरा झाला का, हे त्या एका ओळीवर ठरतं.

थोड्याच दिवसांत व्हिडिओ आला. सेन्सर चिमटीत धरलेला, एलसीडीवर २८.१०, २८.२०, २८.३० असा आकडा चढतोय, ३० ला रिले टक् करून बंद. पैसे सुटले.

त्यानंतर आली ती नुसती हेक्स फाइल, म्हणजे बोर्डवर थेट चढवायचं मशीनच्या भाषेतलं रूप. सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता-बदलता येणारा मूळ कोड, म्हणे शेवटच्या पेमेंटनंतर. फाइल बोर्डवर चढवली, तापमान दिसू लागलं. पण दिवा जोडलेलाच नसताना आकडा चढतोय कसा? सेन्सरची डेटा वायर उपटली. हा सेन्सर वाचायला नेहमी वापरतात त्या डॅलस लायब्ररीत, म्हणजे तयार कोडमध्ये, सेन्सर सापडला नाही की उणे १२७ येतं. इथे मात्र २९.४०, २९.५० असं निवांत चाललेलं. ३० ला टक्, आणि पुन्हा २८.१० पासून सुरू! सेन्सर वाचणं त्यात नव्हतंच, नुसता काउंटर फिरत होता.

मग तो व्हिडिओ नीट पाहिला. हा सेन्सर १२ बिटांवर, म्हणजे त्याच्या सर्वात बारीक मापावर, ०.०६२५ अंशाच्या पायऱ्यांनी मोजतो. दोन दशांश दाखवले तर २८.०६, २८.१९, २८.२५ असले आकडे येतील, २८.१० येणारच नाही. कमी बिटांवर तर पायऱ्या आणखी मोठ्या.

त्याला विचारलं तर आधी 'तुमचा ४.७ किलोओमचा पुलअप (डेटा वायरला लावायचा रेझिस्टर) चुकलाय', मग 'उरलेले थेट पाठवा, सोर्स देतो', मग गप्प. थेट काही पाठवू नका. साइटबाहेर दिलेल्या पैशांची दाद साइटकडे मागता येत नाही. मी तक्रार केली तीही फेटाळली गेली: टप्पा डेमोचा होता, डेमो दाखवला. त्यांनाही फार दोष देववत नाही. आकडा खरा की बनावट, हे तिथे बसलेला माणूस कसं ओळखणार?

आणि हेक्स चालली असती तरी काय? ती डिसअसेम्बल करता येते, म्हणजे उलटवून मशीनच्या सूचना वाचता येतात, पण त्यात कमेंट नाहीत, व्हेरिएबलची नावं नाहीत. पुढे एक सेटिंग बदलायचं तरी त्याच माणसाचे पाय धरा.

तेव्हा टप्पाच असा लिहून घ्या: सोर्स कोड माझ्या कॉम्प्युटरवर कंपाइल होऊन (त्यापासून हेक्स फाइल तयार होऊन) माझ्या बोर्डवर चालला पाहिजे. डेमो घ्यायचाच तर लाइव्ह कॉलवर घ्या आणि मधेच सेन्सरची वायर काढायला लावा. ज्याला काम येतं त्याला याचा राग येत नाही. नंतर ज्याने मला हा कोड लिहून दिला, त्याने पैशांच्याही आधी विचारलं होतं, "सेन्सर तुटला तर दिवा बंद ठेवायचा ना?"