धुळ्यातील एका कार्यशाळेचा दहा महिन्यांचा अनुभव

माझा २६ वर्षांचा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे. गेल्या दहा महिन्यांपासून तो धुळ्यातील एका कार्यशाळेत उडदाचे पापड मोजून पाकिटात भरण्याचे काम शिकत आहे. याआधी आम्ही जिथे जिथे चौकशी केली, तिथे प्रथम त्याचा बुद्ध्यांक विचारला गेला; इथे मात्र तो कोणती कामे स्वतःहून करतो आणि कोणत्या कामांत त्याला किती मदत लागते, हे १८ क्षेत्रांतील ३६० कृतींच्या ‘मद्रास’ तपासणी सूचीवर आठवडाभर टिपून घेतले गेले.

शिकवण्याची पद्धत मला विशेष मोलाची वाटली. कामाचे नऊ टप्पे पाडून तिथे शिकवणाऱ्या ताईंनी सुरुवात शेवटच्या टप्प्यापासून केली: आधीचे आठ टप्पे त्या स्वतः करीत आणि भरलेले पाकीट पेटीत ठेवणे एवढेच त्याच्याकडे असे, त्यामुळे पहिल्याच दिवशी काम पुरे केल्याचे समाधान त्याला मिळाले. पुढे एकेक टप्पा मागे जात, हात धरण्याऐवजी खूण आणि खुणेऐवजी केवळ वाट पाहणे, अशी मदत कमी होत गेली. त्याला दहापर्यंत मोजता येत नाही, म्हणून दहा गोल आखलेली फळी दिली. फळी भरली की पाकीट भरायचे. अमेरिकेत विशेष शिक्षणाचे अभ्यासक मार्क गोल्ड यांनी १९७०च्या आसपास तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना सायकलचे ब्रेक जोडायला शिकवले, तेही काम असेच सुटे करून. अडचण शिकणाऱ्यात नसून शिकवण्याच्या रीतीत असते, हे त्यांचे म्हणणे मला या फळीमुळे पटले.

‘निरामय’ या एक लाख रुपयांपर्यंतच्या सरकारी आरोग्य विम्याचा अर्जही कार्यशाळेनेच भरून दिला.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. आमच्या घरी अहिराणी बोलतात आणि कार्यशाळेत सूचना प्रमाण मराठीत मिळतात. ‘येथे ठेव’ म्हटल्यावर जो गोंधळून उभा राहत असे, तो ‘आठे ठेव’ म्हणताच हात पुढे करी, आणि हे ताईंच्या लक्षात आणून देईपर्यंत त्याच्या वहीत ‘सूचना समजत नाही’ असा शेरा महिनाभर राहिला. दुसरे म्हणजे काम निवडताना त्याला कोणीच विचारले नाही. अंगणातील झाडांना पाणी घालताना तो तासभर रमतो. पुढील पालकसभेत दोन्ही कामांची चित्रे त्याच्यासमोर ठेवून त्यालाच निवडू द्यावे, असे मी लेखी कळवले आहे.