मिरगात घेतलेलं किट दसऱ्याला उघडलं

आगोटीच्या खरेदीत मीठ-मिरची आणि सुक्या बोंबलांबरोबर विमानांची मॉडेल किटंही भरून ठेवणारी माणसं कोकणात फार नसावीत. जी आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण मला ज्याने फसवलं त्याने नेमकी आपली ही सवय हेरली होती.

रत्नागिरीत मिरग लागला की माझा रंग फवारायचा एअरब्रश कपाटात जातो. पावसाळी हवेत लॅकरचा रंग मारला की त्यातलं द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि गडद हिरव्या रंगावर पांढुरकी साय धरते. इनॅमलचा रंग तर दिवसचे दिवस चिकट राहतो. डिकलच्या, म्हणजे विमानावर चिकटवायच्या चिन्हांच्या, कागदाला बुरशी लागते म्हणून नवं किटही मी पावसात फोडत नाही. नवरात्र सरलं, उन्हं कडक झाली, की मगच खोकी खाली उतरतात.

या वर्षी मला हरिकेन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, करायचं होतं, तेही बर्मा आघाडीवरचं. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची क्रमांक १ची स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती. शिवाय मी राहतो थिबा पॅलेसच्या बाजूला. इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवलेला बर्माचा राजा १९१६ मध्ये आमच्या गावात वारला, तेव्हा बर्माचं वेड रत्नागिरीकराला लागलं तर नवल नाही.

जुन्या किटांची खरेदी-विक्री चालते तिथे एकाची जाहिरात दिसली: १/४८ (खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं) हरिकेन टू-सी, बर्माचे डिकल, 'फॅक्टरी सील', चार हजार आठशे. दुकानात यापेक्षा बरंच महाग पडलं असतं. माणूस घाटावरचा, बोलायला गोड आणि विषयातला जाणकार. टू-सीच्या पंखांत २० मिलिमीटरच्या चार तोफा असतात हे त्याला माहीत होतं. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी घोळ होऊन आपलीच माणसं आपल्यावर गोळ्या झाडू नयेत, म्हणून त्या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरच्या ओळखीच्या गोल चक्रातला मधला लाल ठिपका काढून टाकला होता, हेही त्यानेच आपणहून सांगितलं. इतकं जाणणारा माणूस लबाड असेल असं मनात येत नाही. आता वाटतं, इतकं जाणल्याशिवाय हा धंदा जमणारच नाही.

आतल्या स्प्रूंचे, म्हणजे सुटे भाग ज्यांना जोडलेले असतात त्या प्लास्टिकच्या चौकटींचे, फोटो मागितले तर म्हणाला, "दादा, सील तोडलं तर किटची किंमत पडते. तुम्हालाच सील तोडायचा आनंद घ्या की." पुढे सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "लगेच करायला घेणार का? तुमच्याकडे पाऊस फार ना?" मी म्हटलं, आता काही नाही, दसऱ्यानंतर. तेवढंच त्याला हवं होतं. पैसे पोचताच पार्सल निघालं. दर पंधरवड्याला तो नव्या किटांचे फोटो पाठवायचा, ख्यालीखुशाली विचारायचा. सप्टेंबर उलटल्यावर मेसेज थांबले.

खोका फोडला तो दसऱ्याला. वर झाकणावरचं चित्र १/४८ चं, आत पुठ्ठ्याच्या तुकड्यांत गुंडाळलेले करड्या प्लास्टिकचे स्प्रू. पंख हातात घेताच खटकलं. हरिकेनच्या पंखांचा विस्तार ४० फूट. १/४८ ला तो बरोबर १० इंच भरायला हवा. पट्टी लावली तर पावणेसात इंचांच्याही आतच. म्हणजे १/७२. तोफांच्या जागी पंखाच्या पुढच्या कडेला आठ बारीक भोकं, म्हणजे हरिकेनचंच आधीचं, आठ मशीनगनांचं मार्क वन. पॅनेल लाइनी, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या रेघा, कोरीव नव्हत्या, उठावाच्या होत्या, त्यामुळे साचा जुना हे नक्की. हरिकेनच्या मागच्या धडावर कापड ताणलेलं असतं. चांगल्या साच्यात ते जेमतेम जाणवतं, इथे मात्र छत्रीच्या काड्यांसारख्या बरगड्या वर आल्या होत्या. कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचं पारदर्शक झाकण, गायब. डिकल पिवळे पडलेले, कडेला बुरशी, आणि चक्रांच्या मधोमध ठसठशीत लाल ठिपका.

फोन केला. एरवी तीन वेळा 'दादा' म्हणणारा माणूस एकदम 'सर'वर आला. "सील तुम्ही तोडलंत सर, आत काय होतं ते मला काय माहीत? आणि डिकलचं म्हणाल तर कोकणातली हवा दमट, ते बुरसणारच." दमट हवेने डिकल बुरसतील, पण १/४८ चं विमान आटून १/७२ चं होत नाही, हे त्याला ऐकवलं. त्यावर तो म्हणाला, मग इतके महिने गप्प का बसलात?

मग ते फाडलेलं प्लास्टिक उजेडात धरून पाहिलं. ते आवळणारं प्लास्टिक भेटवस्तूंच्या टोपल्या बांधणाऱ्यांकडे रोलवर मिळतं. खोक्याला गुंडाळायचं आणि गरम हवा मारायची, झालं फॅक्टरी सील. तळाशी एका जागी ते जास्त तापून चुरगळलं होतं. खरी गोम मात्र खोक्यात होती: वरचं प्लास्टिक कोरं करकरीत आणि त्याखालचा पुठ्ठा कोपऱ्यावर झिजलेला. खोका आधी कितीतरी हाताळला गेला आणि सील नंतर चढलं, याला आणखी पुरावा नको. मूळ किट कुणीतरी जोडून रंगवून शोकेसमध्ये ठेवलं असणार. रिकाम्या खोक्याची ही दुसरी विक्री. मुळात सगळ्या कंपन्या खोक्याला असं प्लास्टिक लावतच नाहीत, तेव्हा 'सील्ड' म्हणजे अस्सल असं समजायचं कारण नाही.

तक्रारीची भाषा काढल्यावर तो नरमला, पैसे परत करतो म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला. "स्कॅन करून पिन टाका, लगेच जमा होतील." भाचा शेजारीच बसला होता. "मामा, पैसे घ्यायला पिन लागत नाही," म्हणून त्याने फोनच काढून घेतला. त्या कोडमध्ये माझ्याच खात्यातून आणखी पाच हजार जाणार होते. तोवर हा माणूस खरंच लबाड आहे का, याची थोडीतरी शंका शिल्लक होती, तीही गेली.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती पैसे गेल्यागेल्या करायची असते. महिन्यांनी केली तर नोंद होते, रक्कम अडवता येणं कठीण. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र खुला आहे. २०१९ च्या कायद्यानुसार मुदत दोन वर्षांची, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अडचण एवढीच की समोरचा 'मी दुकानदार नाही, घरातली वस्तू विकली' म्हणणार. म्हणून त्याने पावसाळाभर पाठवलेले विक्रीच्या किटांचे फोटो मी जपून ठेवलेत. कुरियरची पावतीही आहे, त्याचा पत्ता काय तो तेवढ्यावरच. ही चिठ्ठी फेकू नका.

पावसात किट घ्यायचंच तर ते आलं त्या दिवशी फोडा, फोडताना व्हिडिओ काढा, पंखाला पट्टी लावा. मग सगळं झिपच्या पिशवीत सिलिका जेलसह बंद करून खुशाल दसऱ्यापर्यंत ठेवा. डिकलची काळजी त्या पिशवीत नीट घेतली जाते. विकणारा स्प्रूंचा फोटो द्यायला नाही म्हणत असेल, तर सौदा तिथेच सोडा.

गेल्या आठवड्यात हरिकेनची तीच जाहिरात दुसऱ्या नावाने आली आहे, किंमत पाच हजार दोनशे. फोटो जुनाच. खोक्याचा डावीकडचा खालचा कोपरा मोठा करून पाहा, प्लास्टिकच्या आत झिजलेला पुठ्ठा स्पष्ट दिसतो.