रॅम्प : विजेच्या मागणीचं मॉडेल करायचं असेल तर हे वापरून बघा

वीजपुरवठा कितपत भरवशाचा आहे आणि लाईट गेली की नुकसान किती होतं हे ज्यांना मोजायचंय त्यांच्यासाठी रॅम्प (RAMP) हे सॉफ्टवेअर खरंच कामाचं आहे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत चालतं, ओपन सोर्स आहे, फुकट आहे. घरं किती, कुठली उपकरणं, किती वॅटची, दिवसाला किती वेळ आणि साधारण कधी चालतात एवढं भरायचं, मग ते थोडा रँडमपणा घालून दर मिनिटाचा लोड, म्हणजे त्या मिनिटाला किती वीज लागते ते, काढून देतं, एका दिवसाचे १४४० आकडे.

एवढं बारीक कशाला असं वाटेल, पण खरी गंमत तिथेच आहे. समजा १० घरांत ७५० वॅटची एकेक पाण्याची मोटर आहे आणि ती रोज २ तास चालते, तर दिवसाची सरासरी येते फक्त ६२५ वॅट. पण सगळे सकाळी ६ ते ९ मध्येच मोटर लावत असतील तर त्या तीन तासांची सरासरीच ५ किलोवॅट होते आणि सगळ्या एकदम चालू झाल्या तर साडेसात! म्हणजे ३ किलोवॅटचा सप्लाय कागदावर भरपूर वाटणार आणि सकाळी सकाळी ट्रिप होणार.

नुकसानीचा हिशोब मात्र आपला आपणच करायचा, न मिळालेले युनिट गुणिले एका युनिटमागचं नुकसान, आणि कृपा करून सगळ्यांना एकच रेट लावू नका, मोबाईल चार्जिंग तासाभरानं झालं तरी चालतं, लसींच्या फ्रिजचं तसं नाही. रॅम्पमध्ये ग्राहकांच्या प्रत्येक गटाचा लोड वेगळा काढता येतो म्हणून हे जमतं. शिवाय वर्षातून एकदाच २ तास लाईट जाणं आणि २४ वेळा ५-५ मिनिटं जाणं, दोन्हीत सायडी (SAIDI, म्हणजे एका ग्राहकाची वर्षभरात सरासरी किती मिनिटं लाईट गेली ते) १२० मिनिटंच, पण ज्या कारखान्यात मशीन बंद पडलं की पुन्हा सेट करायला तास जातो त्याला दुसरं कितीतरी महागात पडतं.

एक गोष्ट नीट सांभाळा. जिथे आधीच लाईट सारखी जाते तिथे लोक असेल तेव्हा उरकून घेतात किंवा उपकरणच घेत नाहीत, त्यामुळे सर्व्हेत आलेली मागणी खऱ्यापेक्षा कमी असते आणि नुकसानही कमी दिसतं. म्हणून "दिवसभर लाईट असती तर काय काय चालवलं असतं" हेही विचारा, दोन्हीचे वेगळे रन घ्या, आणि एकाच दिवसावर न थांबता बरेच दिवस काढा, कारण सगळ्यात जास्त लोड (पीक) प्रत्येक रनला बदलतो.