दोन चलांची समीकरणे: लोप करावा की क्रेमर?

दहावीला बीजगणिताच्या पहिल्याच प्रकरणात हा पेच येतो. आलेख विचारलाच असेल तर काढावा, पण उत्तर अपूर्णांकात आलं की तो वाचता येत नाही. एका चलाची किंमत दुसऱ्यात ठेवायची पद्धत सहगुणक, म्हणजे चलापुढचा आकडा, १ असला की झकास, एरवी दुसऱ्या ओळीपासूनच छेद मानगुटीवर बसतो. म्हणजे खरी निवड उरते लोप (समीकरणांची वजाबाकी करून एक चल उडवणं) आणि क्रेमर (सहगुणकांच्या निश्चयकांवरून उत्तर काढायचा नियम) यांत.

आपल्या नागपूरचंच घ्या. ठेल्यावर ३ प्लेट तर्री पोहे नि ४ चहा यांचे १६० रुपये झाले, ५ प्लेट नि ३ चहा यांचे २३०.

३प + ४च = १६०
५प + ३च = २३०

लोप करताना पहिल्याला ३ ने, दुसऱ्याला ४ ने गुणलं की ९प + १२च = ४८० आणि २०प + १२च = ९२०. वजाबाकीत −११प = −४४०, म्हणून पोहे ४० ला, चहा १० ला. क्रेमरने मुख्य निश्चयक, म्हणजे सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी, ३×३ − ४×५ = −११, आणि ‘प’चे सहगुणक काढून तिथे उजवीकडच्या संख्या ठेवल्या की ‘प’चा १६०×३ − ४×२३० = −४४०; दुसऱ्याला पहिल्याने भागलं की प = ४०. आकडे तेच! जिनिव्हाच्या गॅब्रिएल क्रेमरने १७५० साली छापलेला नियम म्हणजे लोपाचाच हिशेब, आधी मांडून ठेवलेला. त्यामुळे मेहनतीत फारसा फरक नाही.

मला खटकते ती लोपातली वजाबाकी. खालच्या ओळीतली सगळी चिन्हं बदलायची असतात; मुलं दोन पदांची बदलतात आणि बरोबरच्या पलीकडची संख्या तशीच सोडतात. ‘सर, काहून चुकलं?’ म्हणून वही पुढे आली की मी आधी तिथेच बघतो, आणि बहुतेकदा चूक तिथेच सापडते. ऋण संख्येने गुणून बेरीज करा, असंही सांगून पाहिलं. घाईत हात वजाबाकीकडेच वळतो. क्रेमरमध्येही उणे चिन्हं छळतात, नाही असं नाही. पण वजाबाकी ठरलेल्या जागी, दोन गुणाकारांच्या मधोमध असते. कंसात लिहायची सवय लावली की चूक शोधायला तरी सोपी. शिवाय मुख्य निश्चयक शून्य आला तर एकमेव उकल नाही हे पहिल्याच ओळीत कळतं. लोपात शेवटी ० = ७ असं काहीतरी उगवतं आणि पोरगं पेन खाली ठेवतं.

ज्याचा हात लोपावर बसला आहे त्याने बदलावं असा माझा आग्रह नाही. नव्याने शिकणाऱ्याला मात्र मी क्रेमरच देतो. अट एकच, संख्या आधी उजवीकडे नेऊन ठेवायची.

अपवाद सांगतो. २३क्ष + २९य = ९८ आणि २९क्ष + २३य = ११० असे सहगुणक उलटेपालटे दिसले, तर बेरीज करून ५२ ने भागलं की क्ष + य = ४, दुसऱ्यातून पहिलं वजा करून ६ ने भागलं की क्ष − य = २, म्हणून क्ष = ३, य = १. इथे −३१२ चा निश्चयक काढत बसणाऱ्याला मीही थांबवतो.